कॅल्शियमच्या घरातले तिघे

परवा एका लग्नासाठी नगरला गेले होते. परतताना स्टेशनकडे निघालेली रिक्षा आमच्या जुन्या शाळेवरून गेली, फाटक उघडं दिसलं, आणि माझ्या तोंडून "थांब रे बाबा जरा" असं निघून गेलं. सुट्टीचे दिवस होते. मैदानावर चिटपाखरू नव्हतं. मागच्या बाजूला प्रयोगशाळेचं दार मात्र उघडं होतं आणि आत एक तरुण बाई काचेच्या नळ्या धुऊन पालथ्या घालत होत्या.

"माझे वडील इथे सायन्स शिकवायचे. लढाईच्या काळात," मी म्हटलं.

"या ना आजी, बसा की," त्या म्हणाल्या आणि ओल्या हातानेच स्टूल पुढे सरकवलं.

मी बसले नाही. तो वास आला आणि बसवेना. स्पिरिटच्या दिव्याचा, गंधकाचा, जुन्या सागवानी कपाटात कोंडून राहिलेल्या खडूचा वास. माणसं जातात, बाकं बदलतात, भिंतींना नवा रंग येतो, आणि वास आपला तिथेच दबा धरून बसलेला असतो. समोरच्या भिंतीवर मूलद्रव्यांचा मोठा गुळगुळीत छापील तक्ता होता. बाई उत्साहाने सांगू लागल्या की आता अणुभाराप्रमाणे नाही मांडत, अणुक्रमांकाप्रमाणे मांडतात.

"ठाऊक आहे," मी म्हटलं. जरा तुटकच बोलले असेन, कारण त्या पुन्हा नळ्यांकडे वळल्या.

माझी नजर डावीकडच्या दुसऱ्या उभ्या रांगेवर गेली होती. बेरिलियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम. इतरांना तिथे मूलद्रव्यं दिसत असतील. मला आमचं घर दिसतं, माझी आक्का दिसते, आणि पाथर्डीच्या रस्त्याला लागून असलेला तो उघडा माळ दिसतो.

आमच्या बाबांना हातात घेतल्याशिवाय कुठल्याच वस्तूचं खरं वाटायचं नाही. बाजारात वांगं उचलायचे, डोळे बारीक करायचे, दुसरं उचलायचे. भाजीवाली वैतागायची. "मास्तर, मंग मी ही तागडी कशापायी घिऊन बसलेय?" असं म्हणायची. आई लाजेने लांब जाऊन उभी राहायची आणि आम्ही दोघी बहिणी ओंजळीत तोंड खुपसून हसायचो. काळा कोट, सायकल, कोटाच्या खिशात कायम खडूचा तुकडा, आणि रविवारी मिशनच्या देवळात गाताना सगळ्यांच्या वरचढ लागणारा, थोडा बेसूर आवाज. बाबा म्हटलं की मला एवढं सगळं एकदम आठवतं.

लढाई सुरू झाली आणि विलायतेहून सामान येणं बंद पडलं. शाळेतला मूलद्रव्यांचा तक्ता वाळवीने खाल्ला होता, नवा मिळेना. मग आक्काने तो शिवला. माझी आक्का माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, तेव्हा नुकतीच मॅट्रिक झालेली. कापडाला कंट्रोल होता, म्हणून घरातली जुनी लुगडी, बाबांचे फाटके सदरे, मिशनच्या शिवणवर्गातल्या चिंध्या असं जमवून तिने गोधडी शिवली. एकेक चौकोन म्हणजे एकेक मूलद्रव्य. वर काळ्या दोऱ्याने नाव आणि अणुभार. एका स्वभावाच्या मूलद्रव्यांना एकाच लुगड्याचं कापड, अशी तिची युक्ती. लिथियम, सोडियम, पोटॅशियम आईच्या हिरव्या लुगड्यातले. कॅल्शियमची रांग बाबांच्या पांढऱ्या सदऱ्यातली.

शिवताना बाबा समोर बसून सांगायचे. हायड्रोजन सगळ्यात हलका, त्याचं वजन एक धरा. मग वाढत्या वजनाने एकामागे एक बसवत चला. काही घरं गेली की पहिल्याचा स्वभाव पुन्हा आलेला दिसतो. सोडियम पाण्यावर टाकला तर सूं सूं करत पळतो, आणि पुढे जाऊन पोटॅशियम टाकला तर तोही पळतो, वर पेटही घेतो. "म्हणजे वजन नुसतं वजन नाही," बाबा म्हणायचे, "त्यात स्वभाव लपलेला आहे. वजन सांग, मी स्वभाव सांगतो."

आक्का सुई थांबवून म्हणाली, "मग हा टेल्युरियम आयोडिनपेक्षा जड असून त्याच्या आधी कसा?"

बाबांना असं अडवलेलं फार आवडायचं. "अगं, त्याचा स्वभाव गंधकाच्या घरातला. वजनासाठी त्याला क्लोरिनच्या घरात कसा नांदवायचा? तिथे मांडणाऱ्याने स्वभाव पाहिला, वजन बाजूला ठेवलं. आता त्याचं खरं कारणही सापडलंय म्हणतात. पण परीक्षेत तुम्ही अणुभारच लिहा, नाहीतर मार्क जातील."

"म्हणजे वजन फसवतं कधीकधी," आक्का म्हणाली.

"क्वचित," बाबा म्हणाले.

मी नववी-दहावीत गेले तोवर आक्काचं लग्न झालेलं होतं. दाजी फौजेत ड्रायव्हर होते. कुठे आहेत ते कळत नसे, कारण पत्रातलं गावाचं नाव कापून काढलेलं असायचं. मी बाबांच्या वर्गात बसू लागले आणि त्यांचे ते प्रसिद्ध तीन डबे मला विद्यार्थी म्हणून हाताळायला मिळाले. मिशनच्या मडमेच्या बंगल्यातून आलेले कोकोचे तीन सारखे डबे. वरचे कागद बाबांनी मुद्दाम भिजवून काढलेले. एकात कॅल्शियमचा कार्बोनेट, म्हणजे आपला शुद्ध खडू. दुसऱ्यात स्ट्रॉन्शियमचा. तिसऱ्यात बेरियमचा. तिघांचीही पूड पांढरी, तिन्हींना ना वास ना चव.

"हे तिघे भाऊ," बाबा सांगायचे. "थोरल्याचा अणुभार चाळीस, धाकट्याचा एकशे सदतीस. दोन्ही मिळवा, निम्मे करा, मधल्याचा जवळजवळ तेवढाच. आता डोळे मिटा. डबा उचला. कोण ते सांगा."

आम्ही एकेक जण पुढे जायचो. डोळे मिटल्यावर वर्गातली शांतता ऐकू यायची, बाहेर कडुनिंबावर चिमण्या, आणि हातात तो गार पत्रा. डब्याचं वजन म्हणजे अणूचं वजन नव्हे हे बाबा दर वेळी बजावायचे, "पण या तिघांत दोन्ही एकाच दिशेने वाढतात, म्हणून हाताला कळतं." माझी बहुधा मधला आणि शेवटचा यात चूक व्हायची. आक्का शाळेत असताना एकदाही चुकली नव्हती, असं बाबा वर्गाला अभिमानाने सांगत.

मग ते तीन नळ्यांमध्ये तिघांचे क्षार विरघळवून त्यात जुलाबाच्या मिठाचं पाणी टाकायचे. तेच ते कडू, इंग्रजी औषधांच्या दुकानातलं मीठ. त्यात मॅग्नेशियमला गंधकाचा अंश जोडलेला असतो. कॅल्शियमची नळी निवळच राहायची. स्ट्रॉन्शियमची हळूहळू गढूळ व्हायची. बेरियमच्या नळीत मात्र थेंब पडला की लागलीच दुधासारखा पांढरा साका बसायचा. "जसा अणू जड होत जातो तसा त्याचा गंधकाशी जुळलेला क्षार पाण्यात विरघळेनासा होतो," बाबा नळी उंच धरून सांगायचे. "बेरियम विष आहे. पण हा साका विष नाही. विरघळतच नाही, तर अंगात जाईल कसा? दवाखान्यात पोटाचा फोटो काढायला हाच पाजतात. जसा जातो तसा बाहेर येतो."

हे सगळं मी एवढं लांबण लावून सांगते आहे, कारण पुढे जे झालं ते याच तीन डब्यांमुळे झालं.

त्या थंडीत प्लेग आला. आधी उंदीर पडू लागले. आढ्यावरून धप्पकन अंगणात पडायचे, गोल गोल फिरायचे आणि निपचित व्हायचे. उंदीर पडला की घर सोडायचं, ही जुनी रीत. शाळा बंद झाली, गाव ओस पडलं, दारांवर काटेरी फांद्या लागल्या, आणि माणसं भांडीकुंडी घेऊन माळावर झोपड्यांत राहायला गेली. आमची झोपडी रखमाबाईच्या रानात होती. ही बाई बाबांच्या एका विद्यार्थ्याची आई. दोन बैल, थोडी कोरडवाहू जमीन, आणि जीभ मोठी धारदार. "ऱ्हावा की, रान काय घिऊन पळनार हाय का तुमी?" एवढंच तिने म्हटलं आणि आम्हाला जागा दिली. नवऱ्याच्या मागे ती एकटीच शेती बघत होती.

ते माळावरचे दिवस, खरं सांगते, सुरुवातीला मला आवडले होते. ज्वारी भरात आलेली. पहाटे धुकं, चुलीत तुराट्या, हुरड्याचा वास, लसणाची चटणी. कुडाच्या भिंतींतून वारा आत यायचा आणि आईचा पदर उडवायचा. शेजारच्या झोपडीतलं माणूस नेलं की रडणं ऐकू यायचं, मग पुन्हा जात्याची घरघर सुरू व्हायची. मरण एवढं जवळ होतं की त्याची थोडी सवयच झाली होती. आणि आमच्या घरात तर बाळ येणार होतं. आक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले. तिच्यासाठी आम्ही तक्त्याची ती गोधडी शाळेतून उचलून आणली होती, कारण घरातलं सगळ्यात जाड पांघरूण तेच होतं. ती त्यावर आडवी व्हायची आणि हसून म्हणायची, "आज मी गंधकावर डोकं ठेवून झोपले."

तिला डोहाळे पांढऱ्या मातीचे. आमच्याकडे पुष्कळ बायकांना लागतात; कुणी चुलीची माती खातं, कुणी पाटीवरची पेन्सिल, आणि सगळ्या चोरून खातात. आईला त्याची लाज वाटायची. बाबांना वाटायची नाही. "शरीर मागतंय ते उगाच नाही. बाळाला हाडं घडवायचीत, हाडांना कॅल्शियम लागतो," असं म्हणून त्यांनी शाळेतला कॅल्शियमचा डबाच झोपडीत आणून ठेवला. माळावरची घाण माती खाण्यापेक्षा शुद्ध खडू बरा. संध्याकाळची प्रार्थना झाली की बाबा तिच्या तळहातावर चिमूटभर पूड ठेवायचे आणि ती डोळे मिटून ती जिभेवर घ्यायची. तिचा तो समाधानाचा चेहरा मला आजही दिसतो.

बेरियमचा डबाही त्यांनीच आणला. उंदीर माळावरही पोचले होते आणि नगरपालिकेची औषधाची माणसं काही येईनात. बेरियमचा कार्बोनेट पोटातल्या आम्लात विरघळतो, म्हणून तो उंदरांचं विष आहे हे बाबांना माहीत होतं. त्यांनी बाजरीच्या पिठात निम्मी-अर्धी पूड काठीने कालवली, गोळ्या केल्या, आणि सगळ्या झोपड्यांभोवती बिळांतून टाकल्या. लोकांनी दुवा दिला. उरलेला डबा त्यांनी आढ्यात वर खोचून ठेवला आणि आम्हा तिघींना समोर उभं करून सांगितलं, "याला कुणी हात लावायचा नाही."

"त्याला खूण करून ठेवा काहीतरी," आई म्हणाली.

"वर ठेवलाय ना. आणि वजनाने कळत नाही का?" बाबा म्हणाले. आमच्या घरात हे उत्तर पुरेसं होतं.

आक्काचा कॅल्शियमचा डबा संपला. दोन दिवस ती तोंड वाळवून बसली. मग एका सकाळी बाबा म्हणाले, "आज गावात जातो, शाळेच्या कपाटातून भरून आणतो." रिकामा डबा पिशवीत घालून ते सायकलवर गेले. त्या दुपारी वावटळ उठली. माळावरची वावटळ म्हणजे काय ते ज्याने पाहिलं त्यालाच कळेल. आमच्या झोपडीचं अर्धं पाचट उडालं. आई आणि रखमाबाई छप्पर पुन्हा बांधू लागल्या. आढ्यात खोचलेलं सगळं आईने खाली काढलं: बायबल, बाबांचा कंगवा, विळा, डबा. खाली एका वाकळेवर सगळं ठेवलं, वर धूळ बसू नये म्हणून फडकं टाकलं आणि पुन्हा छपराला भिडली.

बाबा आले तेव्हा धुळीने माखलेले होते. शाळेच्या दाराला पालिकेने सील लावलेलं, कपाटापर्यंत पोचताच आलं नव्हतं. पण ते काही न बोलता, पिशवी रखमाबाईच्या गोठ्याच्या खुंटीला अडकवून, तिथेच विहिरीवर हातपाय धुवायला गेले. आक्का धुळीपासून लांब, कडुनिंबाच्या आडोशाला बसली होती; तिथून तिने त्यांना येताना पाहिलं होतं. झोपडीत आली तेव्हा तिला फडक्याखाली कोकोचा डबा दिसला. तिने तो उचलला. निम्म्या भरलेल्या बेरियमच्या डब्याचं वजन आणि गच्च भरलेल्या कॅल्शियमच्या डब्याचं वजन जवळजवळ सारखंच भरतं. तिच्या सरावलेल्या हाताला वाटलं, बाबांनी डबा भरून आणला. दोन दिवसांची भूक होती; तिने आत पाहिलंही नाही, आणि चिमूट नाही, तळवाभर घेतली.

मी बाहेर पाचटाच्या पेंढ्या देत होते. आत आले तेव्हा ती ओठांवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत बसली होती.

"तोंडाला मुंग्या आल्यासारखं होतंय गं," ती म्हणाली. मग तिला उलटी झाली. आईला वाटलं, कळा सुरू झाल्या. मला वाटलं, प्लेग. तिने उठायचा प्रयत्न केला आणि पाय तिच्याखाली मुडपले, कापडाचे असावेत तसे. तेवढ्यात बाबा आले. तोंडाला मुंग्या म्हणताच त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही, वर आढ्याकडे पाहिलं. मग वाकळेवरचा डबा उघडला, आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तसा मी माणसाच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही.

पण ते डगमगले नाहीत. एवढं मी त्यांच्याबद्दल सांगितलंच पाहिजे. "जुलाबाचं मीठ," ते ओरडले, "जुलाबाचं मीठ कुणाकडे आहे?" मिशनचा दवाखाना गावापलीकडे. शेजारचा एक जण सायकल घेऊन डॉक्टरीणबाईंकडे धावला, पण तो कधी पोचणार? रखमाबाई छपरावरून उतरली.

"बैलाला देत्यात तेच का? माज्याकडं हाय. घोडेगावच्या बाजारातनं आनलंया, बैलाचं पोट फुगतं म्हनून. पर मास्तर, ते जनावराचं हाय, लई कडू."

"तेच. तेच पाहिजे. पळा."

तिने मूठभर मीठ पदरात आणलं. बाबांनी ते तांब्यात ढवळलं आणि आक्काचं डोकं मांडीवर घेऊन पाजू लागले. ती ओकायची, ते पुन्हा पाजायचे. तोंडाने बोलत होते, वर्गात बोलायचे तसंच, अगदी त्याच सुरात, "पोटात साका पडू दे, बाळा. पांढरा साका. पडला की तो विरघळत नाही. पी. पी अजून." मी तांब्या भरून देत होते. माझ्या डोळ्यांपुढे ती काचेची नळी येत होती आणि मी देवाला म्हणत होते, तसंच होऊ दे, अगदी वर्गातल्यासारखं होऊ दे.

आक्काचे हात गेले. मान गेली. डोळे मात्र टक्क जागे होते आणि सगळं बघत होते. तिला बोलता येईना तेव्हा बाबांनी तिचं मनगट हातात धरलं आणि उजाडेपर्यंत सोडलं नाही. सकाळी डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा तिची बोटं हलू लागली होती. त्यांनी तांब्याच्या तळाचं मीठ चाखून पाहिलं. "मास्तर, याहून वेगळं मीही काही दिलं नसतं. तुम्ही पोरगी वाचवलीत," असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी आक्काच्या पोटाला नळी लावली, बराच वेळ ऐकत राहिल्या, आणि नळी काढून पिशवीत ठेवली.

तिसऱ्या दिवशी आक्काला मुलगी झाली. रखमाबाईनेच सोडवलं. पूर्ण दिवसांची, डोक्यावर काळंभोर जावळ, बोटांना नखं, सगळं जिथल्या तिथे. रडली तेवढी नाही. गावातल्या कबरस्तानात प्लेगची माणसं पुरायला जागा नव्हती. रखमाबाई म्हणाली, "माज्या बांधाला ठिवा. नांगर त्यावरनं जाऊ द्यायची न्हाई मी. माजी बी दोन हायीत तितंच." ती एरवी त्याविषयी कधी बोलली नव्हती. बाबांनी खड्डा स्वतः खणला. आईने त्यांना फावडं दिलं, पण ती त्यांच्याशी बोलली नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढे कित्येक आठवडे नाही.

मलाही बाबांचा राग आला होता. फार आला होता. एक दोरा बांधला असता डब्याला. एक काळा ठिपका दिला असता. एवढं शिकलेल्या माणसाने जगातल्या सगळ्या वस्तू आपल्या तळहाताला ओळखू येतात असं समजावं, याची मला चीड यायची, आणि मग ते झोपडीच्या दाराशी पाठमोरे बसलेले दिसायचे आणि मी भाकरीची ताटली त्यांच्याशेजारी ठेवून यायचे.

रविवारी माळावर कडुनिंबाखाली प्रार्थना झाली. आमच्याकडे उपासनेत कुणालाही उभं राहून साक्ष देता येते. देवाने काय केलं, आपण काय चुकलो, ते सांगायचं. बाबा उभे राहिले. कोटाचं बटण लावलं. "माझ्या नातीला मी मारलं," ते म्हणाले. लोक खाली बघू लागले. कुणी तरी "प्रभूची इच्छा" असं पुटपुटलं, आणि मला उठून त्या माणसाला ओरबाडावंसं वाटलं.

तेव्हा आक्का उठली. बाळंतीण ती, पायांत अजून धड बळ नव्हतं, माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली. "बाबांनी नाही," ती म्हणाली. "डबा मी उचलला. बाबांनी हात लावू नका म्हणून सांगितलं होतं. मला वाटलं, मला ओळखता येतं." आणि बाबांकडे वळून हळूच म्हणाली, "खाली बसा आता."

ते बसले. आक्काने दाजींना खरं तेच कळवलं. प्लेगने गेली म्हणून खपवणं सोपं होतं, कुणी विचारलंही नसतं, पण ती नाही म्हणाली. लढाई संपल्यावर दाजी परत आले. तिला पुढे दोन मुलगे झाले. म्हातारपणापर्यंत तिचं डाव्या पायाचं पाऊल चालताना थोडं घासत जायचं, आणि ती माझ्याकडे यायची तेव्हा जिन्यावर मला ते आधी ऐकू यायचं. आता ती नाही. ती गोधडीही नाही. विरत विरत कधी तिची पायपुसणी झाली ते कळलंच नाही. रखमाबाईच्या रानावर आता कॉलनी उठली आहे असं रिक्षावाला सांगत होता. बांध कुठे होता ते मला दाखवता आलं नसतं.

प्रयोगशाळेतल्या त्या बाई मला पाणी आणायला गेल्या होत्या. मी तक्त्यापुढे उभी होते आणि याच खोलीतला एक तास मला आठवत होता.

प्लेग ओसरला, सील निघालं, शाळा सुरू झाली. परीक्षा तोंडावर आलेली. हेडमास्तरांनी बाबांना बाजूला घेऊन सुचवलं होतं म्हणे, की तो भाग यंदा वगळा, मुलं पुस्तकातून वाचतील. बाबांनी वगळला नाही. ते वर्गात आले, काळ्या कोटाचं बटण लावलं आणि फळ्यावर कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम लिहिलं, शेजारी अणुभार लिहिले. डबे नव्हते. नळ्या होत्या. त्यांनी मिठाचं पाणी टाकलं, तिसऱ्या नळीत साका बसला, आणि वजन वाढतं तसं विरघळणं कसं कमी होतं ते त्यांनी दरवर्षीसारखं, एकही शब्द न गाळता सांगितलं. "बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी असतात. उतारा, जुलाबाचं मीठ. लिहून घ्या." वर्गातली निम्मी मुलं माळावर होती. त्यांना सगळं ठाऊक होतं. कुणी मान वर केली नाही. मीही लिहीत होते.

पाथर्डीकडची एक मुलगी प्लेगात आपल्या गावी गेलेली होती, नुकतीच परतलेली. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. तिने हात वर केला.

"सर, उतारा वेळेवर दिला तर वाचतं का माणूस?"

बाबांनी नळी स्टँडवर ठेवली. ती नीट बसली आहे ना ते पाहिलं.

"आई वाचते," ते म्हणाले, आणि फळा पुसायला वळले.